ककरौआच्या फाटकाची मोजणी

कागद आला तेव्हा भीमराव रुळालगतच्या खाचेतला चिखल सळईनं उकरत होता.

भादवा लागून आठ दिवस झाले होते आणि पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. ककरौआ गावाकडून येणारा गाडीरस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात त्यात गुडघाभर रबडी साचे. माणसं ती रबडी पायांना घेऊन रुळांवर चढायची आणि खाचेत पाय घासून पुढं जायची. खाच भरली तर गाडीचं चाक चढतं. म्हणून भीमराव प्रत्येक गाडीआधी वाकायचा, डावा पाय आखडून, उजव्यावर सगळा भार देऊन. नऊ वर्षांपूर्वी रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये असताना डाव्या पायावर लोखंडी स्लीपर पडला होता. चार बोटं गेली. डॉक्टरनं गँगच्या कामाला नालायक असं लिहिलं, आणि साहेबानं त्याला झाशीपासून चार कोसांवरच्या या फाटकावर आणून बसवलं. मलकापूरकडचा माणूस, बायको दुर्गा आणि सहा वर्षांची पोर घेऊन इथं आला, तो इथलाच झाला.

पोर आता पंधराची होती. बकुळा. घरातलं मराठी तिला सगळं कळे, पण तोंडातून हिंदीच बाहेर येई.

"काय लिहेल हाये वं?" भीमरावनं हात धोतराला पुसत विचारलं.

बकुळानं कागद वाचला. "बाबा, गिनती होगी. सात दिन. फाटक से जो-जो निकलेगा, सब लिखेंगे. फिर दिल्लीवाली समिती तय करेगी कि यहाँ आदमी रखना है या नहीं."

"आदमी म्हंजे कोन?"

"म्हंजे तुम्ही," दुर्गा चुलीपासून बोलली. "अजून कोन हाये इथं आदमी?"

भीमराव कागदाकडं पाहत राहिला. वाचता येत नसलं तरी शिक्का कुठला ते त्याला कळत होतं. "भादव्यात मोजनी कशाले ठेवतेत?" तो म्हणाला. "चैतात ठेवाव. गहू निंगते तवा दिवसाले पन्नास गाड्या जातेत."

"म्हनूनच चैतात नाई ठेवली," दुर्गा म्हणाली.

*

मोजणीचा बाबू सोमवारी सकाळी सहाला आला. सोबत घडीची खुर्ची, काळी छत्री, थर्मास आणि रेघा मारलेली वही. रात्रीचा बाबू दुसरा होता. तो कधी यायचा, कधी नाही, आणि त्याचं पान मात्र रोज भरलेलं असायचं. दिवसाचा बाबू विद्याधर, झाशीतल्या जुन्या मराठी घराण्यातला. पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी दफ्तर सांभाळायला आले होते. दफ्तर गेलं, राज्य गेलं, पण सांभाळण्याचा आव राहिला होता. भीमरावच्या तोंडून मराठी ऐकल्यावर त्याच्या भुवया वर गेल्या.

"अरे वा, आपलेच निघालात. कुठले?"

"मलकापूरकडले, बाबूजी."

"हां हां. तिकडची भाषा." विद्याधर बाबूनं खुर्ची उघडली, नाव विचारलं, आणि नाव ऐकल्यावर खुर्ची खोलीच्या ओसरीसमोरून उचलून चार पावलं लांब, निंबाखाली नेली.

दुर्गानं चहा आणला. बाबू म्हणाला, "नको, घसा जरा खराब आहे." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आज उपास." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "डॉक्टरनी चहा मना केलाय." आणि थर्मास उघडून चहा प्याला.

"डॉक्टरनं कोनाच्या घरचा मना केला?" दुर्गानं विचारलं. तो हसला. तिनं भरलेला कप त्याच्यासमोर चिखलात ओतला आणि आत गेली. मग तिनं चहा विचारला नाही.

पहिल्याच सकाळी सातला गावातल्या बाया आल्या. बिजौलीला गिट्टीचे कारखाने होते; ककरौआच्या तीस-पस्तीस बाया रोज तिथं दगड फोडायला जात. डोक्यावर पोतं, हातात भाकरीची फडकी, लुगडं मांडीपर्यंत खोचलेलं. त्या फोडतात ती गिट्टी मालगाडीत भरून याच रुळाखाली येऊन पडायची. भीमरावनं त्यांना थांबवलं. झाशीकडून पॅसेंजर सुटलेली होती. गाडी गेली. त्यानं चक्र फिरवून दांडे वर घेतले. बाया एकामागून एक पलीकडं गेल्या. विद्याधर बाबू थर्मासचं झाकण लावत होता.

"बाबूजी, लिहिलं नाई तुमी," भीमराव म्हणाला.

"काय?"

"आत्ता गेल्या नं. चौतीस होत्या."

"हे पहा भीमरावजी." बाबूनं वही त्याच्याकडं वळवली, जणू त्याला ती वाचता येणार होती. "मोटर, ट्रक, ट्रॅक्टर एक. बैलगाडी, टांगा एक. सायकलरिक्षा अर्धा. पायी माणूस शून्य."

"शून्य?"

"शून्य. मग दिवसाच्या रेलगाड्या किती, त्याला ह्या आकड्यानं गुणायचं. गुणाकार ठरल्यापेक्षा कमी आला, तर इथं पगारी माणूस ठेवणं म्हणजे सरकारी पैशाची उधळपट्टी. असा नियम आहे न. मी नाही केला."

"पन गाडीखाली तं पायीच मानूस येते, बाबूजी. ट्रक कायले येते?"

विद्याधर बाबू समजूतदारपणे हसला. असं हसायला त्याला पगार मिळत होता. "पायी माणसाला डोळे असतात, कान असतात. तो पाहून ओलांडेल. मोटारीत बसलेल्याला इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही. वरती लोकांनी विचार करूनच केलंय."

भीमरावनं वर पाहिलं. वर ढग होते.

फाटकापासून दक्षिणेला रूळ टेकडीच्या कापातून वळत यायचा. गाडी दिसायची तेव्हा ती चारशे हातांवर आलेली असे, आणि पावसात तर आवाजही दगडात जिरायचा. भीमराव येण्याआधीच्या वर्षात फाटकावर माणूस नव्हता, तेव्हा इथं तीन बाया आणि एक म्हातारा गेला होता. त्या चौघांनाही डोळे आणि कान होते.

*

तीन दिवसांत पानावर अकरा आकडे पडले. त्यातले चार एकाच दूधवाल्याच्या टांग्याचे. गाववाले बैल चिखलात घालायला तयार नव्हते. बैलाचा पाय मोडला तर समिती बैल देणार नव्हती. दुर्गा गावात प्रधानाकडं गेली. त्याचा ट्रॅक्टर होता. प्रधान बाजेवर बसून पाय दाबून घेत होता.

"भौजी," तो म्हणाला, "मेरी तो सुनो. फाटक हटे तो अच्छा. दिन में दस बार बंद मिलता है. खुला रहेगा तो सर्र से निकल जाएँगे."

"अऊर औरतें?"

"औरतें का?" प्रधानाला खरंच कळलं नाही.

दुर्गा परत निघाली तेव्हा वाटेत तिला अनुसूया भेटली. तिला गावात सगळे अनुसुइया म्हणत. चाळिशीची, गिट्टीच्या धुळीनं पापण्या पांढऱ्या झालेली बाई. टोळीतल्या बाया तिच्या शब्दावर चालत. भीमराव येण्याआधी जो म्हातारा गाडीखाली गेला, तो तिचा सासरा. दुर्गानं तिला सगळं सांगितलं. अनुसूयानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गाड़ी कौ एक लिखत हैं?"

"बैलगाडीचा एक. हां."

"हमाए जेठ की गाड़ी धरी है. बैल नईं देंगे. गाड़ी दे दैहें."

गुरुवारी सकाळी बाया नेहमीच्या वेळेला आल्या नाहीत. सव्वासातला रस्त्याच्या वळणावर आधी ओरडणं ऐकू आलं, मग गाडी दिसली. जूला बैल नव्हते. जूच्या डाव्या टोकाला अनुसूया, उजव्या टोकाला दुर्गा, मध्ये दोघी, मागं चाकांच्या आऱ्यांना हात लावून पाच. बाकीच्या मागून रेटत होत्या. चाक तुंब्यापर्यंत रुतलेलं. एक आरा हातभर पुढं सरके, मग सगळ्या थांबत, तोंडं उघडी टाकून श्वास घेत, आणि पुन्हा "हैया" करून अंग झोकत. अनुसूयाच्या मानेवर जूनं कातडी सोलली होती. एक पोरगेली बाई चिखलात तोंडावर पडली. तिला उठवायला कोणी थांबलं नाही, थांबलं असतं तर गाडी मागं आली असती. ती स्वतःच उठली, तोंडातली माती थुंकली आणि पुन्हा आऱ्याला लागली.

भीमराव चक्राजवळ उभा होता. आपल्या बायकोची मान जूखाली पाहून त्याचा हात दांडीवर घट्ट झाला, पण गाडी यायची वेळ नव्हती, फाटक उघडं होतं, आणि फाटक सोडून जायचा त्याला हुकूम नव्हता. तो तसाच उभा राहिला.

दीडशे पावलांना पाऊण तास लागला. बैलगाडी खडखडत रुळांवरून पलीकडं गेली. बाया जागच्या जागी चिखलात बसल्या. दुर्गा तेवढी उठून निंबाखाली आली. तिच्या नाकातून घाम ठिबकत होता.

"लिहा," ती म्हणाली.

विद्याधर बाबू अस्वस्थ झाला होता. त्यानं पेन उघडलं, बंद केलं. "दुर्गाबाई, हे... याला बैल कुठं आहेत?"

"गाडी हाये नं?"

"बैलगाडी म्हणजे बैलांनी ओढलेली."

"तुमच्या कागदात बैल लिहेल हायेत? दाखवा." तिनं मागं पाहिलं. "बकुळे, इकडं ये. वाच."

बाबूनं नाइलाजानं परिपत्रक काढलं. बकुळा शाळेला निघाली होती, दप्तर खांद्यावर. तिनं ओळीवर बोट ठेवलं. "पशुचालित वाहन, एक." मग खालची ओळ. "हाथठेला, शून्य."

"पशुचालित म्हंजे?" दुर्गानं विचारलं.

बकुळानं आईकडं पाहिलं आणि हळूच, मोडक्या मराठीत म्हणाली, "जनावरनं ओढलेलं, आई. माणसानं ओढलं तर... हाथठेला."

अनुसूया तोवर जवळ आली होती. तिला ओळी कळल्या. मानेवरचं रक्त बोटानं पुसून तिनं ते बोट बाबूच्या छत्रीच्या काळ्या कापडाला पुसलं, आणि बायांना हाक मारून कामावर निघाली. एक तास उशीर म्हणून त्या दिवशी कारखान्यात त्यांना परत पाठवलं. त्या तशाच पायी परत आल्या. विद्याधर बाबूनं तेव्हाही वहीत काही लिहिलं नाही. नियम दोन्ही बाजूंनी सारखा होता.

त्याच दिवशी दूधवाला सांगत आला, की बिजौलीला कारखान्यांजवळच्या रेल्वे फाटकावर तशीच मोजणी चालू आहे, आणि मालकाचा एकच ट्रक तिथं सकाळपासून जातोय आणि येतोय, जातोय आणि येतोय. रिकामा.

*

सहाव्या दिवशी, शनिवारी, समितीचा साहेब स्वतः आला.

तो गावाच्या बाजूनं आला. प्रधानाकडं जेवण झालं होतं. जीपमध्ये मागं तुपाचा डबा आणि दोन कोंबड्या होत्या. साडेपाच वाजले होते. पाऊस थांबला होता, उजेड चांगला होता. फाटक बंद होतं. स्टेशनमास्तरनं फोनवर मालगाडी सांगितली होती आणि भीमरावनं दांडे पाडून, कुलूप लावून त्याला फाटक बंद झाल्याचा आकडा दिला होता. एकदा आकडा दिला की गाडी जाईपर्यंत फाटक उघडायचं नाही. ही एक गोष्ट भीमरावला कोणी वाचून दाखवावी लागत नव्हती.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मग साहेबानं काच खाली केली. "खोलो."

"साब, गाडी लगी है. नंबर दे दिया."

"कहाँ है गाडी? मुझे तो नहीं दिखती."

"कटिंग में है, साब. आती है."

साहेब गोरा, गुटगुटीत, पन्नाशीचा. बूट चकचकीत होते. सहा दिवसांत त्या मातीत तेवढी एकच कोरडी वस्तू आली होती. त्याला झाशीहून दिल्लीची गाडी पकडायची होती. "मैं सेफ्टी कमिटी में हूँ," तो म्हणाला. "मुझे सिखाओगे?"

भीमराव चक्राला पाठ लावून उभा राहिला.

विद्याधर बाबू निंबाखालून पळत आला होता, छत्री तिथंच टाकून. "द्या भीमरावजी, उघडा. दोन मिनिटांचं काम. मी आहे न."

"नाई जमत, बाबूजी."

"बाबू," साहेब म्हणाला, "चाबी लो."

सहा दिवस ज्यानं खोलीच्या ओसरीला पाय लावला नव्हता, तो विद्याधर बाबू बुटांसकट आत गेला, चुलीवरून पाय टाकून गेला, आणि खुंटीवरची चावी घेऊन आला. दुर्गा पीठ मळत होती. ती नुसती पाहत राहिली. ड्रायव्हरनं भीमरावला खांद्यानं बाजूला सारलं, अधू पायाचा माणूस तो, सरकला. कुलूप निघालं, दांडे वर गेले.

जीप चढावर आली, पुढची चाकं रूळ ओलांडून गेली, आणि मागची दोन्ही पलीकडच्या चिखलाच्या ओढीनं दोन रुळांच्या मध्ये रुतली. ड्रायव्हरनं जोर लावला. चाकं गरगर फिरली आणि आणखी खाली गेली. इंजिन बंद पडलं.

भीमराव तेवढ्यात धावत सुटला होता. एका हातात लाल झेंडी, दुसऱ्यात चाकाखाली फुटून ड्रायव्हरला इशारा देणाऱ्या पटाख्यांचा डबा. धावणं ते नव्हतंच. दर दुसऱ्या पावलाला तो डाव्या अंगावर कोसळायचा आणि स्वतःला सावरून पुन्हा पुढं पडायचा. गिट्टीवर जोडा सुटला, त्यानं तो सोडून दिला. कापाच्या तोंडाशी पोचून त्यानं रुळावर एक पटाखा बांधला, दहा पावलं पुढं दुसरा, पुन्हा दहा पावलं पुढं तिसरा. मग झेंडी धरून रुळांच्या मध्ये उभा राहिला.

इकडं साहेब जीपमधून उतरला नव्हता. खाली चिखल होता. कामावरून परतणाऱ्या बाया पलीकडून आल्या आणि दांड्यापाशी थांबल्या. फाटक उघडं, रुळावर जीप, गाडी येतेय. त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"धक्का मारो!" साहेब ओरडला. "ए! धक्का मारो!"

कोणी हललं नाही.

अनुसूयानं पोतं डोक्यावरून खाली ठेवलं. "बाबू," ती विद्याधरला म्हणाली, "पैलां हमें लिखो."

"अहो बाई, गाडी येतेय!"

"सो तौ आउत है. लिखो. चौंतीस."

विद्याधर बाबूच्या हातात वही होती. ती त्यानं कधी खाली ठेवलीच नव्हती. त्यानं साहेबाकडं पाहिलं. साहेबानं हात हलवला, लिही बाबा, काहीही लिही. विद्याधर बाबूनं लिहिलं. चौतीसातला चार त्याला दोनदा काढावा लागला. बकुळा शाळेतून आलेली, त्याच्या खांद्यावरून वाचून म्हणाली, "लिख दिया, मौसी."

मग चौतीस बाया आणि दुर्गा जीपला लागल्या. आधी साहेबाला उतरवलं. अनुसूयाच म्हणाली, एवढं वजन फुकट कशाला उचलायचं. तो उतरला आणि घोट्यापर्यंत गेला. कापाच्या तोंडाशी पहिला पटाखा फुटला, मग दुसरा. जीप हलली, डोलली, आणि एका हिसक्यानं रुळांवरून पलीकडं गेली. कोंबड्या ओरडत होत्या. मालगाडी कापातून बाहेर आली ती फुसफुसत, चालत्या माणसाच्या वेगानं, आणि फाटकापासून पन्नास हातांवर थांबली. इंजिनाच्या पुढं भीमराव लंगडत येत होता, एक पाय अनवाणी, झेंडी अजून हातात.

साहेबानं त्याच्याकडं पाहिलं नाही. तो रुमालानं बूट पुसत होता. जीप सुरू झाल्यावर त्यानं वही मागितली, पान पाहिलं आणि विद्याधर बाबूला विचारलं, "यह चौंतीस किस खाने में है?"

"जी... खाना तो नहीं है, सर."

"तो काटो."

विद्याधर बाबूनं पट्टी लावून सरळ रेघ मारली. मग त्यानं साहेबाची जीप लिहिली. मोटर, एक.

*

चौकशी झाशीत झाली. भीमरावनं धुतलेला गणवेश घातला आणि नवा जोडा. दुर्गा सोबत गेली, पण तिला बाहेर पंख्याविना बाकावर बसवलं. आत तीन माणसं होती. आरोप असा, की गाडी लागलेली असताना फाटकाचं कुलूप उघडं सापडलं आणि गेटमननं वाहन रुळावर जाऊ दिलं.

विद्याधर बाबूचा जबाब लेखी होता. चावी गेटमननं स्वखुशीनं दिली, असं त्यात होतं. मी नोंदी घेण्यात गुंतलो होतो.

"बाबूजी," भीमराव म्हणाला, "तुमी खुंटीवरून घेतली. चुलीवरून पाय टाकून गेले तुमी."

विद्याधर बाबूनं टेबलावरच्या पेपरवेटकडं पाहिलं.

मालगाडीच्या ड्रायव्हरनं पटाखे ऐकल्याचं लिहून दिलं होतं, म्हणून नोकरी वाचली. तेवढं उपकार म्हणून वाचून दाखवलं. भीमरावला झाशीच्या रेल्वे भांडारात सामान उचलणारा खलाशी म्हणून पाठवायचं ठरलं. आणि फाटकाचा गुणाकार कमी आला होता, तेव्हा ते विनामाणूस करायचं. एरवी या कचेरीतून कागद हलायला वर्ष लागतं. हे दोन्ही कागद सतरा दिवसांत आले. कारखान्यांच्या फाटकाला मात्र नवी खोली, विजेचे दिवे आणि तीन माणसं मंजूर झाली. रिकाम्या ट्रकचं डिझेल वसूल झालं; गुंतवणूक म्हणतात ती.

जिन्याखाली विद्याधर बाबूनं त्यांना गाठलं. त्याच्या हातात पानात बांधलेले पेढे होते. "लक्ष्मी तालाच्या काठच्या महालक्ष्मीला गेलो होतो. प्रसाद आहे. मनाला लावून घेऊ नका, भीमरावजी. नोकरी तर राहिली न? माझ्या दोन मुली आहेत लग्नाच्या."

भीमरावचा हात सवयीनं पुढं झाला. दुर्गानं तो धरला आणि खाली केला.

"आमाले डॉक्टरनं मना केलं हाये," ती म्हणाली.

*

सामान न्यायला ट्रक आला त्याच्या चार दिवस आधीच गँगनं दांडे उपटून नेले होते, चक्र नेलं होतं, फोन नेला होता. त्या चार दिवसांत भीमराव काही कामाचा नव्हता, तरी सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला तो रुळाशी उभा राहायचा. अश्विन लागला होता, पण रात्री सर पडून गेली होती आणि रस्ता पुन्हा तसाच झाला होता. सरकारी वस्तू यादीशी ताडून ताब्यात घ्यायला विद्याधर बाबू आला होता. त्यानं दिवे, डबे, घंटा मोजून घेतली, भीमरावचा अंगठा उमटवला आणि ट्रकमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. भीमराव, दुर्गा, बकुळा मागं, ट्रंका आणि बाज यांच्यावर. झाशीतल्या नगऱ्यात एक खोली मिळाली होती.

ट्रक रुळांच्या अलीकडं येऊन थांबला. पलीकडं कामावर निघालेल्या बाया उभ्या होत्या. आज त्यांनी ओलांडून घेतलं होतं, पण पुढं गेल्या नव्हत्या. दुर्गाला निरोप द्यायला थांबल्या होत्या.

"चल, चल," विद्याधर बाबू म्हणाला. "फाटक नाहीये आता."

"इसीलिए तो, बाबूजी," ड्रायव्हर म्हणाला. तो नगऱ्याचाच, दाढीवाला, सावकाश बोलणारा. "बिना आदमी का फाटक है. कायदा है, साथवाला उतरेगा, पैदल पटरी तक जाएगा, दोनों तरफ देखेगा, तब गाडी निकलेगी. साथवाले आप हैं."

"मी? मैं सरकारी आदमी हूँ."

"मैं भी सरकारी ट्रक चलाता हूँ, बाबूजी. चालान मेरा कटेगा." त्यानं इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली.

विद्याधर बाबूनं मागं वळून पाहिलं. त्यानं पँट वर ओढली, दार उघडलं आणि खाली उतरला. पहिल्याच पावलाला तो घोट्याच्या वर रुतला. वही छातीशी धरून, दुसरा हात हवेत पसरून, बदकासारखा तो रुळांपर्यंत गेला. डावीकडं पाहिलं. उजवीकडं पाहिलं. कापाचं तोंड रिकामं होतं. तो रूळ चढून मध्ये आला, आणि तिथं उरलेल्या रबडीत त्याचा उजवा बूट राहिला. पाय मोज्यासकट बाहेर आला. तो वाकला, बूट ओढू लागला.

त्याला ऐकू आलं नाही. दुर्गाला आलं, नऊ वर्षं ती त्या आवाजावर स्वयंपाक करत होती. ती ट्रंकेवर उभी राहून ओरडली, "बाबू! सरका! गाडी!"

विद्याधर बाबूनं मान वर केली, पण ती ट्रककडं, जणू ट्रकबद्दलच ती सांगत असावी. बुटाला धरलेला हात त्यानं सोडला नाही. कापातून इंजिन बाहेर पडलं. तेव्हा अनुसूयानं डोक्यावरचं पोतं फेकलं, दोन ढांगांत रुळांवर आली, त्याच्या दंडाला धरलं आणि दगड उचलावा तसं उचलून पलीकडं ओढलं. दोघंही बायांच्या पायांत येऊन पडली. मालगाडी मधून धडधडत निघाली. चाळीस डबे, सगळे गिट्टीनं भरलेले.

अनुसूयाचा हात अजून त्याच्या दंडावर होता. तो उठायला धडपडत होता. "परे रओ बाबू," त्याला खाली दाबून ती म्हणाली. "निकर जान देओ."

शेवटचा डबा गेला. विद्याधर बाबू उठला. वही चिखलात उपडी पडली होती. त्यानं ती उचलली नाही. एक पाय उचलून, तो रुळांमध्ये बुटाचं काय राहिलं ते शोधू लागला. गिट्टीत हात घालून, वाकून, पुन्हा वाकून. बाया पाहत होत्या. कोणी हसलं नाही.

ट्रकवर भीमराव उठला. नऊ वर्षांची सवय. रुळावर काही पडलं की उतरायचं. त्यानं फळीवर हात टेकून पाय खाली सोडला.

"कुठं चालले?" दुर्गानं विचारलं.

"त्याचा जोडा..."

"बसा."

भीमरावनं एकदा रुळाकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. मग त्यानं पाय वर घेतला आणि ट्रंकेवर बसला.